सहा आठवड्यांचे पिल्लू, आठ आठवड्यांचा नियम

– खास प्रतिनिधी

रविवारी सायंकाळी ठाण्यातील एका पशुवैद्यकाच्या दवाखान्यात बाकावर बसायला जागा नव्हती. नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा छातीशी बुटांचे खोके धरून दाराशी उभा होता. खोक्यात जुन्या टॉवेलच्या घडीवर शित्झू जातीचे एक पिल्लू पडले होते. शुक्रवारी रात्री ते घरी आले, शनिवारी दिवसभर बागडले, रविवारी सकाळपासून खाईना, दुपारी त्याने मान टाकली आणि चारच्या सुमारास त्याच्या पायांना झटके येऊ लागले. डॉक्टरांनी रांगेतल्या इतरांना थांबवून त्याला आधी आत घेतले. काट्यावर वजन भरले ६२० ग्रॅम. हिरड्यांना ग्लुकोज चोळून, गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून पोटाशी लावून त्यांनी शिरेसाठी सुई हाती घेतली आणि त्याच वेळी मुलाच्या वडिलांना विचारले, ''किती दिवसांचं म्हणून दिलं तुम्हाला?''

''दोन महिने पूर्ण झालेत म्हणाले. कार्डावर तसं लिहिलंय.''

कार्डावर लिहिले होते खरे. लसीचा एक चिकटवलेला कागदही होता, फक्त त्याखाली कोणाची सही नव्हती. पिल्लाला हुशारी आल्यावर डॉक्टरांनी करंगळीने त्याचे तोंड उघडले. मागच्या काही दुधाच्या दातांनी अजून हिरडी फोडली नव्हती. इवल्या जातींत दात उशिरा येतात, त्यामुळे केवळ दातांवरून निर्णय देता येत नाही, हे त्यांनीच सांगितले. पण चाल, डोळे, पोटाचा घेर हे सारे पाहून ते म्हणाले, ''फार तर सहा आठवडे. आईपासून तोडायला नको होतं याला.''

मुंबई, ठाणे, पुण्यातील पशुवैद्यकांकडे हा प्रसंग नवलाईचा राहिलेला नाही. गेली काही वर्षे शहरांतील कुत्र्यांविषयी जो गदारोळ सुरू आहे, त्यात मात्र या प्रसंगाला जागा मिळत नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने २३ 'हिंस्र' जातींच्या पैदाशीवर व विक्रीवर बंदी घालण्याविषयी राज्यांना पत्र धाडले आणि पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्दबातल ठरवले. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीतील भटक्या कुत्र्यांना पकडून निवारागृहांत ठेवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि अकरा दिवसांनी त्यात बदल केला. चर्चा झाली ती मोठ्या कुत्र्यांची आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांची. दोन-तीन किलोच्या, कडेवर बसणाऱ्या, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेल्या कुत्र्यांचा प्रश्न असू शकतो, हेच कोणाच्या गावी नाही. वास्तविक शहरी मध्यमवर्गाने घरात आणलेल्या कुत्र्यांत याच जाती झपाट्याने वाढल्या आहेत, आणि त्यांच्या आयुष्याचे बरेवाईट ठरते ते सहाव्या आणि सोळाव्या आठवड्याच्या दरम्यान. म्हणजे नेमके त्या काळात, जेव्हा विकणाऱ्याला घाई असते आणि घेणाऱ्याला माहिती नसते.

आवड कशी बदलत गेली

मराठी घराला छोटे कुत्रे नवे नाही. आपल्याकडे सरसकट 'पॉमेरेनियन' म्हणून ओळखले गेलेले पांढरे, टोकदार नाकाचे कुत्रे बहुतांशी 'इंडियन स्पिट्झ' होते. १९९४च्या 'हम आपके हैं कौन'मधला टफी हा त्याच जातीचा. चाळीत, दोन खोल्यांच्या घरात, वरणभातावर ही कुत्री दहा-बारा वर्षे सुखाने जगली. त्या आठवणीच्या बळावर आजही अनेक घरे असे समजतात की लहान कुत्रे म्हणजे कमी कटकट. तो समज त्या कुत्र्यापुरता फारसा चुकीचा नव्हता. इथल्या हवेत, इथल्या अन्नावर पिढ्यानपिढ्या वाढलेला तो काटक प्राणी होता.

त्यानंतर २००३ साली हच कंपनीच्या जाहिरातीत शाळकरी मुलामागे चालणारा पग आला आणि त्या जातीच्या पिल्लांना अचानक मागणी आली. चपट्या नाकाचा तो प्राणी मुंबईच्या मे महिन्यात धापा टाकतो, हे घरोघरी कळेपर्यंत बरीच पिल्ले विकून झाली होती. अलीकडच्या काळात शित्झू, माल्टीज, टॉय पूडल, चिवावा आणि अस्सल छोटा पॉमेरेनियन यांची पाळी आली. २०२०च्या टाळेबंदीत घरी बसलेल्या कुटुंबांनी सोबत म्हणून कुत्री आणली आणि कार्यालये पूर्ववत सुरू झाल्यावर त्यांतली बरीच दिवसभर एकटी पडली.

विक्रीचा मार्गही बदलला आहे. पूर्वी क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानांत जाऊन पिंजऱ्यातले पिल्लू निवडले जाई. आता मोबाइलवर चलचित्र येते, निम्मी रक्कम आधी पाठवली जाते आणि पिल्लू खासगी आरामबसच्या चालकाबरोबर किंवा महामार्गावरील एखाद्या ठिकाणी हातात पडते. या व्यवहारात एक गोष्ट कधीच दिसत नाही: पिल्लाची आई. ती कोणत्या जागेत आहे, किती वेळा व्याली आहे, तिला कोणता आजार आहे, हे पाहण्याची संधी ग्राहकाला मिळत नाही आणि बहुतेकांना ती मागावीशीही वाटत नाही. किंमत मात्र पाच आकडी असते.

नियम काय म्हणतात

कायदा नाही अशी तक्रार इथे करता येत नाही. श्वानपैदास व विक्रीविषयीचे केंद्राचे नियम २०१७ साली आले आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानांविषयीचे २०१८ साली. पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची आहे. आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. मादी अठरा महिन्यांची झाल्याशिवाय तिच्यापासून पिल्ले घेता येत नाहीत, वर्षातून एकापेक्षा अधिक वेत घेता येत नाही, साऱ्या आयुष्यात पाचांहून अधिक नाहीत. विकण्याआधी पिल्लाला लस द्यायची आणि ओळख पटवणारी मायक्रोचिप बसवायची. नोंदी ठेवायच्या, त्या तपासणीसाठी दाखवायच्या. त्याआधी २०१६ मध्येच केंद्राने व्यापारी पैदाशीसाठी परदेशातून कुत्री आणण्यावर बंदी घातली होती. तिचा एक न सांगितलेला परिणाम असा, की देशात आधीपासून असलेल्या मोजक्या माद्यांवरच मागणीचा भार पडत राहतो आणि नात्यातल्या नात्यात पैदास होण्याचा धोका वाढतो.

नियम उत्तम आहेत. पण मोबाइलवर विकणाऱ्याच्या सदनिकेत किंवा शेतघरात जाऊन ते तपासणार कोण, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. दुकानाला पाटी असते, तिथे निरीक्षक जाऊ शकतो. बंद खोलीतल्या चार माद्यांना पाटी नसते. मूळ कायदा, म्हणजे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम, १९६०चा आहे. त्यातील सर्वसाधारण क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्यासाठी दंड आहे किमान दहा आणि कमाल पन्नास रुपये. ज्या व्यवहारात एका पिल्लामागे हजारो रुपये मिळतात, तिथे या पन्नास रुपयांची भीती किती वाटावी?

आठ आठवड्यांची अट मात्र कोणा अधिकाऱ्याच्या मनात आलेला आकडा नाही. अमेरिकेतील बार हार्बर येथील प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अनेक वर्षे पिल्लांच्या वाढीचा अभ्यास केला आणि तो १९६५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. तिसऱ्या ते साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू आपला भोवताल, आपली जात आणि माणूस यांच्याशी नाते जोडते, हे त्यातून पुढे आले. यातला पहिला अर्धा भाग आईचा आणि भावंडांचा असतो. किती जोराने चावले की समोरचा कळवळतो आणि खेळ थांबतो, हे पिल्लू भावंडांच्या कानाला चावून शिकते. पाचव्या-सहाव्या आठवड्यात वेगळे केलेले पिल्लू हा धडा अर्धवट सोडून येते. मग घरातल्या मुलाच्या हातावर ओरखडे उठतात आणि 'हे कुत्रं चावकं निघालं' असा शिक्का बसतो.

इवल्या जातींच्या बाबतीत विकणाऱ्याला लवकर विकण्याचे आणखी एक कारण आहे. पिल्लू जितके लहान, तितके ते गोजिरवाणे. सहा आठवड्यांच्या पिल्लाचे छायाचित्र चहाच्या कपाशेजारी काढता येते. 'टीकप' या नावाने जादा पैसे आकारले जातात. अशी जात कोणत्याही मान्यताप्राप्त केनेल क्लबच्या यादीत नाही. ती एकतर कमी वयाची पिल्ले असतात किंवा वेतातली सर्वांत अशक्त.

पहिला महिना: साखर, दूध आणि फरशी

दवाखान्यातील त्या पिल्लाला झाले होते ते रक्तातील साखर उतरल्याने. मोठ्या जातीचे पिल्लू एक वेळ उपाशी राहिले तर कुरकुरते. सहाशे ग्रॅमच्या पिल्लाच्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठाच इतका थोडा असतो, की पाच-सहा तासांचा उपवास, प्रवासाचा ताण किंवा एसीचा गारवा त्याला पुरतो. आधी ते सुस्त होते, मग चालताना झोकांड्या खाते, थरथरते, आणि लक्ष दिले नाही तर झटके येऊन बेशुद्ध पडते. सुस्ती दिसताच बोटावर मध किंवा साखरेचे घट्ट पाणी घेऊन हिरड्यांना चोळावे आणि तडक डॉक्टरांकडे जावे. बेशुद्ध पिल्लाच्या घशात चमच्याने पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जाते. ही सूचना विकणाऱ्याने पहिल्याच भेटीत द्यायला हवी. या कुटुंबाला त्याने फक्त खाद्याच्या पिशवीचे नाव सांगितले होते.

याचा अर्थ असा, की पहिले दीड-दोन महिने अशा पिल्लाला दिवसातून चार ते पाच वेळा थोडे थोडे खायला घालावे लागते, शेवटचे रात्री झोपताना. इथे शहरी घराची खरी अडचण सुरू होते. आई-वडील दोघेही सकाळी लोकल पकडून जाणार, मूल शाळेत, मग अकराचे आणि तीनचे खाणे घालायचे कोणी? बहुतेक घरांत हे काम न विचारता आजीकडे जाते. कुत्रे आणण्याच्या निर्णयात तिचे मत क्वचितच घेतलेले असते. गुडघेदुखी असलेल्या बाईने पायात घुटमळणाऱ्या अर्ध्या किलोच्या जिवाला सांभाळायचे, दर तासाला फरशी पुसायची, यात पिल्लाइतकाच तिलाही पडण्याचा धोका असतो. एका आजींनी प्रस्तुत प्रतिनिधीला सांगितले, ''नातू वाढवला तेव्हा निदान लंगोट तरी होते.''

खाण्याविषयी आपल्याकडील सर्वांत रूढ समजूत म्हणजे दूध-पोळी. गाई-म्हशीचे दूध पचवण्याची ताकद पिल्लाची आई सुटल्यानंतर कमी होत जाते आणि जुलाब लागतात. एवढ्याशा शरीरातून पाणी गेले की ते भरून काढायला वेळ मिळत नाही. शिवाय पोळीने पोट भरते, पण वाढीला लागणारी प्रथिने मिळत नाहीत. शाकाहारी घरांनी हे विशेष लक्षात घ्यावे. पिल्लांसाठी तयार मिळणारे, छोट्या जातींचे कोरडे खाद्य कोमट पाण्यात भिजवून देणे हा सोपा आणि सुरक्षित मार्ग आहे. आधीच्या घरी जे खात होते तेच आठवडाभर द्यावे, बदल हळूहळू करावा. चॉकलेट, द्राक्षे, बेदाणे, कांदा, लसूण हे कुत्र्याला विषारी आहेत. वीस किलोच्या कुत्र्याने शिऱ्यातले चार बेदाणे चाटले आणि दीड किलोच्या कुत्र्याने चाटले, यात फार फरक आहे. माणसाची पॅरासिटामॉल गोळी डॉक्टरांना न विचारता कधीही देऊ नये.

दुसरा धोका पार्व्होचा. या विषाणूने रक्ती हगवण लागते आणि उपचार न मिळालेली पिल्ले बहुधा दगावतात. लसीकरण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत पूर्ण करायचे असते. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती काही काळ लसीला काम करू देत नाही, म्हणून एक लस देऊन भागत नाही. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यानंतर. मुंबई-कोकणात पावसाळ्यात लेप्टोचा धोका माणसाइतकाच कुत्र्यालाही असतो, त्यामुळे ती लस टाळू नये. जंताचे औषधही वेळापत्रकानुसार द्यावे लागते. सही नसलेले कार्ड म्हणजे लस झालेलीच नाही असे धरून चालावे, असा अनुभवी पशुवैद्यकांचा सल्ला असतो.

हाडांचे म्हणाल तर सोफ्यावरून किंवा लहान मुलाच्या हातून पडून पुढचा पाय मोडणे हा या जातींतील अगदी नेहमीचा अपघात आहे. मुलाने पिल्लू घ्यायचे ते जमिनीवर बसून, हा नियम पहिल्या दिवसापासून असावा. गळ्यात पट्टा न अडकवता छातीभोवतीचा हार्नेस वापरावा, कारण अनेक इवल्या जातींची श्वासनलिका नाजूक असते.

'लहानच तर आहे' हे पालुपद

प्रशिक्षण हा शब्द आपल्याकडे अजूनही अल्सेशियन, डॉबरमन यांच्याशी जोडला जातो. शित्झूला कसले आले शिक्षण? भुंकले तर हसू येते, अंगावर उडी मारली तर कौतुक वाटते, बिछान्याच्या कोपऱ्यात मुतले तर चादर धुतली जाते. हेच जर्मन शेपर्डने केले असते तर दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षक बोलावला असता.

व्हिएन्नातील श्वानपालकांच्या एका पाहणीचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. लहान कुत्र्यांचे मालक आपल्या वागण्यात कमी सातत्य राखतात, त्यांना कमी शिकवतात, त्यांच्याशी कमी खेळतात, आणि ही कुत्री अधिक भुंकरी, अधिक उतावळी व कमी ऐकणारी असल्याचे त्यात आढळले. शिक्षेचा वापर जिथे जास्त, तिथे भित्रेपणाही जास्त होता, आणि हा संबंध लहान कुत्र्यांत अधिक ठळक होता. म्हणजे 'चिवावा तापटच असतो' असे आपण म्हणतो, तेव्हा त्यातला काही भाग जातीचा असेल, बराचसा घराचा असतो.

शू-शीची सवय हा पहिल्या महिन्यातील सर्वांत मोठा कलहाचा विषय. पिल्लू जितक्या महिन्यांचे, त्यात एक मिळवून येतील तितके तास ते फार तर धरून ठेवू शकते, असा ढोबळ हिशेब सांगितला जातो. दोन महिन्यांच्या पिल्लाला तीन तास. इवल्या जातींत मूत्राशयही इवले असल्याने दीड-दोन तासच धरा. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळ थांबल्यावर त्याला उचलून ठरलेल्या जागी न्यायचे, झाले की तिथल्या तिथे शाबासकी आणि खाऊचा कण द्यायचा. लस पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर नेता येत नाही, म्हणून न्हाणीघराचा किंवा गॅलरीचा एक कोपरा ठरवून तिथे वर्तमानपत्र अंथरतात. (आमच्या अग्रलेखांना मिळणारा हा वाचकवर्ग निदान प्रामाणिक तरी आहे.) जागा रोज बदलू नये, आणि घाण झालेल्या फरशीवर नुसता फिनेलचा हात फिरवून थांबू नये. आपल्याला वास गेला असे वाटते, पिल्लाच्या नाकाला तो तिथेच असतो आणि ते पुन्हा तिथेच जाते.

घाणीत नाक घासणे, वर्तमानपत्राची सुरळी आपटणे हे प्रकार अजूनही सर्रास चालतात. त्याने पिल्लू एवढेच शिकते, की माणसांसमोर शू करणे धोक्याचे आहे. मग ते पलंगाखाली जाऊन करते, आणि घरातले म्हणतात, ''बघा, मुद्दाम लपून करतो.'' यात मुद्दाम काही नसते.

एकटे राहण्याचे शिक्षणही याच काळात द्यावे लागते. पहिल्या आठवड्यात रजा काढून चोवीस तास कडेवर घ्यायचे आणि दुसऱ्या सोमवारी नऊ तास कुलपाआड ठेवायचे, हा अनेक घरांतील क्रम. पिल्लाने ओरडून मजला डोक्यावर घेतला तर नवल नाही. पाच मिनिटे, पंधरा मिनिटे, अर्धा तास असे वाढवत न्यावे लागते, तेही गाजावाजा न करता.

राहता राहिला एक पेच. लस पूर्ण होते सोळाव्या आठवड्याला आणि जग ओळखण्याचा काळ संपत येतो बाराव्या-चौदाव्याला. तोपर्यंत घरात कोंडले तर पिल्लू रोगापासून वाचते, पण लिफ्टचा आवाज, दूधवाला, काठी घेतलेले आजोबा, गणपतीतले ढोल या साऱ्यांना ते जन्मभर घाबरते. अमेरिकेतील पशुवर्तनाचा अभ्यास करणाऱ्या पशुवैद्यकांच्या संघटनेने २००८ मध्ये स्पष्ट भूमिका घेतली, की पहिल्या लसीनंतर काळजी घेऊन पिल्लाला जगाची ओळख करून द्यायलाच हवी, त्यासाठी लसीकरण पूर्ण होण्याची वाट पाहू नये. आपल्याकडे रस्त्यावर पार्व्होचा विषाणू असण्याची शक्यता अधिक, त्यामुळे जमिनीवर न उतरवता कडेवर घेऊन फिरवणे, लस झालेल्या शांत कुत्र्याच्या घरी नेणे हा मधला मार्ग आहे. छोट्या कुत्र्याचा इथे खरोखर फायदा होतो. ग्रेट डेनचे पिल्लू कडेवर घेऊन बाजारात किती दिवस हिंडणार? पुढे लसीकरण पूर्ण झाल्यावरही मात्र ही कडेवरची सवय सुटत नाही, आणि दुसरे कुत्रे दिसले की झटकन उचलून घेण्याने पिल्लाची अशी खात्री पटते की समोरचा शत्रूच आहे.

सोसायटी आणि पन्नास रुपये

भुंकण्याचा प्रश्न घरापुरता राहत नाही. गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभांत पार्किंगखालोखाल आता कुत्र्यांचा विषय निघतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार संस्थेला कुत्रे पाळण्यावर बंदी घालता येत नाही, आणि छोटी चालतील, मोठी नाहीत असा भेदही करता येत नाही. त्याच सूचना पालकांनाही काही बजावतात: लस द्या, घाण उचला, शेजाऱ्यांना उपद्रव होणार नाही असे पाहा. प्रत्येक बाजू आपल्या सोयीचा अर्धा कागद सभेत फडकावते. मुंबई महापालिकेचा श्वानपरवाना काढणे बंधनकारक आहे, हे या दोन्ही बाजूंपैकी फार थोड्यांना आठवते. परवाने पुरेशा संख्येने निघाले तर शहरात कोणत्या जातीची किती पिल्ले कुठून येत आहेत, हे निदान पालिकेला कळेल. आज तेही धड कळत नाही.

अशा रीतीने सहाव्या आठवड्यात तोडलेले, चौथ्या महिन्यापर्यंत घरात कोंडलेले, आठव्या महिन्यात दारावरच्या प्रत्येकावर भुंकणारे कुत्रे दीड वर्षाचे होता होता नकोसे होते. कोणी गावी कोणाच्या तरी मळ्यावर पाठवतो, कोणी प्राणिमित्र संस्थेच्या दाराशी बांधून जातो, कोणी सरळ दूरच्या रस्त्यावर सोडतो. प्राण्याची उपासमार होईल अशा स्थितीत त्याला सोडून देणे हाही १९६०च्या कायद्याने गुन्हा आहे. दंड पुन्हा तोच, पन्नास रुपयांपर्यंत. देशी कुत्रे रस्त्यावर तग धरण्याची शक्यता तरी असते. केस डोळ्यांवर आलेला शित्झू ना पळू शकतो, ना कचऱ्यातून अन्न शोधू शकतो.

या जातींचे आयुष्य साधारण बारा ते पंधरा वर्षांचे. आज चौथीत असलेल्या मुलासाठी आणलेले पिल्लू तो पदवी घेऊन बाहेर पडेल तेव्हा म्हातारे झालेले असेल, आणि त्याचे दात, डोळे, गुडघे तेव्हा आई-वडिलांच्या वाट्याला येतील. पिल्लू घेण्यापूर्वी त्याची आई पाहण्याचा आग्रह धरणे, पैदास करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक मागणे, आठ आठवड्यांआधी ताबा घेण्यास नकार देणे, एवढे तीन हट्ट ग्राहकांनी धरले तर निरीक्षक नसलेल्या बाजारातही थोडा फरक पडेल. इवल्या जातींची पिल्ले दहा-बारा आठवड्यांपर्यंत आईजवळ राहू देणारे पैदासकारही आहेत. त्यांची पिल्ले महाग असतात आणि छायाचित्रात तितकी लहान दिसत नाहीत.

ठाण्यातले ते पिल्लू वाचले. दोन दिवस सलाइन लावावे लागले, आठवडाभर दर तीन तासांनी घरातल्या कोणी ना कोणी गजर लावून त्याला भरवले. वडिलांनी विकणाऱ्याला दूरध्वनी केला तेव्हा पलीकडून अत्यंत सौजन्याने उत्तर आले: ''परत आणून द्या, दुसरं देतो बदलून.'' त्यानंतर तो क्रमांक लागला नाही. तीन आठवड्यांनी कुटुंब पुन्हा दवाखान्यात आले तेव्हा काट्यावर वजन भरले ११४० ग्रॅम. डॉक्टरांनी जुने कार्ड बाजूला ठेवून नवे काढले. जन्मतारखेच्या रकान्याशी ते थांबले, भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर बोटाने आठवडे मागे मोजत गेले आणि एक अंदाजे तारीख लिहिली. मुलाने ती दोनदा वाचली आणि विचारले, ''काका, मग याचा वाढदिवस हाच धरायचा ना?''